‘तुम्हीच त्याला सुया देता?’

तिने पिशवी टेबलावर उपडी केली. दहा सीलबंद सिरिंज, स्पिरिटचे बोळे, शुद्ध पाण्याच्या छोट्या कुप्या, बाटलीच्या झाकणाएवढ्या पत्र्याच्या दोन वाट्या.

“हे तुमच्याकडचंच ना?”

“हो.”

“मी त्याला व्यसन सोडवायला पाठवते आणि तुम्ही त्याला सामान पुरवता?”

ती त्याची मोठी बहीण. आईवडिलांच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं. तीन वर्षांत तो दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता आणि दोन्ही वेळा पुन्हा सुईने नशा टोचून घ्यायला लागला होता. (दोघांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

टोचून नशा करणाऱ्यांना कोऱ्या सुया देणाऱ्या केंद्रात मी समुपदेशक आहे. हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आई विचारते, बायको विचारते, कधी कधी डॉक्टरही विचारतात. शब्द वेगळे, मुद्दा तोच: स्वच्छ सुया वाटणं म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणं नाही का?

त्या दिवशी माझी चूक झाली. मी लगेच आकडे सांगायला लागले. ती खिडकीबाहेर बघत होती आणि ते माझ्या लक्षात यायला चांगली पाच मिनिटं गेली. रागावलेल्या माणसाच्या कानात टक्केवारी शिरत नाही, हे नव्या समुपदेशकांना मीच शिकवते!

मग मी थांबले आणि विचारलं, “याआधी कधी त्याची सुई सापडली होती?”

सापडली होती. वर्षभरापूर्वी, गादीखाली. “तिच्यावरचे आकडे पुसले गेले होते,” ती म्हणाली. सुई टोकाशी किंचित वाकलेली, आत तपकिरी काहीतरी वाळलेलं.

सिरिंजवरचे आकडे एका वापरात पुसत नाहीत. बोटांत धरून, पाण्याने खळबळून, पुन्हा धरून पुसतात. किती हातांतून गेली असेल ती, कोण जाणे. तिने ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली होती.

“मग त्या दिवशी तो थांबला?”

“नाही. तासाभरात बाहेर पडला.”

“तासाभरात त्याला नवी कोरी सुई मिळाली असेल, की कुणाची तरी?”

ती काही बोलली नाही.

माझ्या खणात दोन सिरिंज असतात, दाखवायच्या. एकीला सुई वेगळी बसवावी लागते, दुसरीला ती कायमची जोडलेली. वाटीत पाणी घेऊन त्यात लाल शाई टाकली, दोन्ही भरल्या आणि दट्ट्या तळाला टेकेपर्यंत दाबल्या. सुटी सुई बसणाऱ्या सिरिंजमध्ये सुईच्या बुडाशी लाल थेंब उरला. जोडलेल्या सुईत जवळजवळ काहीच दिसेना. संशोधकांनी हे मोजलंय: पहिल्या प्रकारात सुमारे ८४ मायक्रोलिटर उरतं, दुसऱ्यात सुमारे २. टोचणारा माणूस शीर सापडली की नाही हे बघायला आधी थोडं रक्त आत ओढतो. म्हणजे जे उरतं त्यात रक्त असतं.

“पण ते वाळून जातं ना?” तिने विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजातला राग उतरला होता.

वाळलं म्हणजे विषाणू मेला, या भरवशावर बरेच जण राहतात. प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्ताच्या थेंबात साध्या खोलीच्या तापमानाला ४२ दिवसांपर्यंत जिवंत एचआयव्ही सापडला आहे. उष्णता जास्त असली की तो बराच लवकर मरतो, हेही खरं. पण सुई हातात घेणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नसतं. एचआयव्ही असलेल्या, उपचार न घेणाऱ्या माणसाची सुई एकदा वापरली तर लागण होण्याची शक्यता अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे १०,००० वेळांमागे साधारण ६३. हा आकडा ऐकून काही जण हुश्श करतात. मी त्यांना विचारते, दिवसातून किती वेळा टोचता? तीन वेळा म्हटलं तर वर्षाला हजारच्या वर. शिवाय नशा न मिळाल्यावर, ही मुलं ज्याला टर्की म्हणतात, ते अंग मोडून येणं, उलट्या, पोटात पिळा, सुरू झालं की हातात येईल ती सुई चालते. त्या क्षणी माझा सल्ला, बहिणीची माया, कशाचाच उपयोग नसतो. खिशात कोरी सुई असेल तर मात्र होतो.

मग मी तिला स्कॉटलंडमधल्या एडिंबराची गोष्ट सांगितली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हेरॉइन टोचणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. औषध दुकानदारांनी सिरिंज विकणं बंद केलं, पोलिस सापडलेल्या सुया जप्त करायला लागले. सगळ्यांना वाटलं, सुया नाहीत म्हणजे टोचणं थांबेल. मुलांनी असलेल्या सुयाच फिरवल्या. १९८६ साली तिथल्या डॉक्टरांनी हेरॉइन घेणाऱ्या १६४ जणांच्या तपासण्यांचे निकाल प्रसिद्ध केले: ५१ टक्के एचआयव्ही बाधित. जवळच्याच ग्लासगोत हे प्रमाण याच्या कितीतरी खाली होतं.

“म्हणजे मी जे केलं तेच त्यांनी केलं,” ती म्हणाली.

मी तसं म्हणणार नव्हते. तिने स्वतःच म्हटलं.

याच्या उलट करणारं शहरही आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली जुन्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात झाली, ती व्यसन असलेल्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने आणि हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या भीतीने. पण एडिंबरासारखंच पुढे अमेरिकेतही घडलं. इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत, चार हजारांच्या आसपास वस्तीच्या एका गावात आणि त्याच्या भोवताली, २०१४च्या अखेरीपासून दोनशेहून जास्त जणांना एचआयव्हीची लागण झाली. वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचत होते लोक. सुया बदलून देणं तिथे तोवर बेकायदा होतं. लागण पसरल्यावर २०१५ साली परवानगी मिळाली.

तिचा मूळ प्रश्न मात्र तसाच होता: सुई फुकट मिळाल्यावर तो जास्त टोचेल का? जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सुया दिल्याने टोचणं वाढतं, असा पटण्याजोगा पुरावा सापडला नाही. सिएटलमधल्या एका अभ्यासात तर सुया बदलायला नव्याने येणाऱ्या लोकांनी व्यसनावर उपचार सुरू करण्याची शक्यता, कधीच न आलेल्यांपेक्षा, पाचपट निघाली. त्यातलं थोडं श्रेय त्या माणसांच्या मनाच्या तयारीचंही असणार. स्वतःहून येणारा माणूस आधीच अर्धा वळलेला असतो. म्हणून मी तो आकडा पाठ करून फेकत नाही. पण मला रोज दिसतं ते त्याला धरूनच आहे. सुई घ्यायला येणारा माणूस निदान दारात तरी येतो. तिचा भाऊही तसाच आला होता. चौथ्या खेपेला त्याने जिभेखालच्या गोळीबद्दल विचारलं होतं. ती ब्युप्रेनॉर्फिन, हेरॉइनसारख्या नशेच्या जागी उपचार म्हणून द्यायचं औषध. मेथाडोन हे असंच दुसरं औषध. मुख्यतः ते घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची लागण निम्म्याहून कमी होते, असं २०१२ साली बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. त्याने गोळीबद्दल विचारलंय, हे मी तिला सांगू शकत नव्हते, कारण ते त्याने विश्वासाने मला सांगितलेलं होतं. एवढंच म्हटलं, “त्यालाच विचारा, तो इथे काय बोलतो.”

निघताना ती दारात थांबली. “ही दुसरी पिशवी आहे. पहिली तीन आठवड्यांपूर्वी सापडली होती. ती मी फेकली.”

पुढचा प्रश्न मला माहीत होता. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात. ती मुदत टळून गेलेली. उरली होती तपासणी.

तो चार दिवसांनी आला, बहिणीबरोबर, पण माझ्याशी एकटाच बोलला. पिशवी गेल्यावर दोन वेळा मित्राची सुई वापरल्याचं त्याने सांगितलं. एचआयव्हीची झटपट तपासणी निगेटिव्ह आली. हिपॅटायटिस सीची पॉझिटिव्ह. एचआयव्हीच्या धास्तीपुढे हिपॅटायटिस सी सगळेच विसरतात, आणि सुईतून तो जास्त सहज पसरतो.

त्याच्या सांगण्यावरून बहिणीला आत बोलावलं. तिने रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाली, “हे माझ्यामुळे.”

इथे मला खोटा दिलासा द्यायचा नव्हता आणि द्यावा लागलाही नाही. ही तपासणी हिपॅटायटिस सीच्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती रक्तात दिसायला सहसा आठ ते अकरा आठवडे लागतात. तिने पिशवी फेकून चारही आठवडे झाले नव्हते. म्हणजे ही लागण बहुधा जुनी, कदाचित त्या आकडे पुसलेल्या सुईच्या काळातली. मी कॅलेंडर काढून आठवडे बोटाने मोजून दाखवले. तिने पुन्हा स्वतः मोजले.

विषाणू अजून अंगात आहे का, यासाठी दुसरी तपासणी झाली. होता. बारा आठवडे गोळ्या. या औषधांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त बरे होतात, पण पुन्हा कुणाची सुई वापरली तर पुन्हा लागण होऊ शकते. त्यामुळे गोळ्यांच्या बरोबरीने सुयाही चालूच ठेवल्या.

एचआयव्हीची तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करायची होती, कारण झटपट तपासणीत लागण दिसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. बहीण एकटी येऊन बाकावर तासभर बसली आणि गेली. तो अकरा दिवसांनी आला. निगेटिव्ह. जिभेखालची गोळी तोवर सुरू झाली होती. मधे दोनदा चुकली, दोनदा त्याने टोचलं, दोन्ही वेळा कोऱ्या सुईने. हे त्यानेच सांगितलं, न विचारता.

बहीण मागच्या आठवड्यात आली तेव्हा जाड प्लास्टिकची बरणी घेऊन आली होती. वापरलेल्या सुया टाकायला.

“झाकण घट्ट बसतं,” ती म्हणाली. “चालेल ना?”

बरणीत तीन सुया होत्या. तिने मोजल्या होत्या, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. मोजू नका, असं मी तिला याआधी दोनदा सांगितलंय.