गावाबद्दल चुकीचं छापलंय? मासिकाला पत्र असं लिहा

राग येणं साहजिक आहे पण पत्र आज लगेच पाठवू नका, रात्रभर ड्राफ्टमधे पडू द्या. पहिल्यांदा लिहिणारे बहुतेक हेच करतात, दोन पानं गावाचं कौतुक, मग लेखकाची खरडपट्टी, आणि नेमकी चूक काय ते शेवटून दुसऱ्या ओळीत. संपादकाकडे तेवढा वेळ नसतो हो.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- कुठला अंक, लेखाचं नाव, पान नंबर. पहिल्याच वाक्यात.
- छापलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली बरोबर काय ते, आणि पुरावा. "आम्ही लहानपणापासून ऐकतोय" हा पुरावा नाही. शिलालेखाचा फोटो, गॅझेटियरचं (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) पान, पाटीचा फोटो असलं काहीतरी जोडा.
- चूक वेगळी, मत वेगळं. अंतर, साल, फोटोखाली भलत्याच जागेचं नाव, या चुका. 'बघण्यासारखं फारसं काही नाही' हे लेखकाचं मत झालं, कितीही झोंबलं तरी दुरुस्तीच्या पत्रात ते घुसडू नका.

दहा चुका सापडल्या तरी दोन-तीनच घ्या, ज्याने प्रवाशाचा खरंच घोटाळा होईल त्या आधी, म्हणजे बंद रस्ता चालू दाखवलाय वगैरे. लेख वेबसाइटवरही असेल तर आवर्जून सांगा, तिथलं लगेच बदलता येतं, छापील दुरुस्ती पुढच्या एखाद्या अंकात छोट्या चौकटीत आली तर आली.

उत्तर नाही आलं तर दोनेक आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा. वरपर्यंत तक्रार वगैरे भानगडीत आत्ता पडू नका.