तारीख पडते, पण कशासाठी?

पत्र, थोडक्यात: "मावशी, मी 34 वर्षांची. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी राहते. 2021 मध्ये घटस्फोटाचा दावा मीच लावला, कारण नवरा धड नांदवतही नाही आणि सोडतही नाही. कधी त्याचे वकील गैरहजर, कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी माझेच वकील दुसऱ्या कोर्टात. अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्जसुद्धा तसाच पडून आहे. दर तारखेला रजा टाकायची, आईला सोबत न्यायचं आणि हात हलवत परत यायचं. आता त्याचा निरोप आलाय, 'पोटगीवर पाणी सोड, लगेच म्युच्युअल (दोघांच्या संमतीने घटस्फोट) करतो.' मला फक्त सुटायचंय. करू का सही?" – ना सासरची, ना माहेरची

बाळा, एवढ्यात सही करू नकोस. दमलेल्या माणसाशी सौदा स्वस्तात होतो, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तुझं दमणं हाच त्याचा सगळ्यात मोठा पुरावा झालाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तारीख पडते, तारीख पडते, असं तू लिहितेस. पण कशासाठी पडते? त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, यायची आहे, वादाचे मुद्दे न्यायालयाने काढायचे आहेत, तुझी उलटतपासणी बाकी आहे की नुसता युक्तिवाद राहिलाय? हे तुला सांगता आलं नाही, तर दावा वकिलांचा झालाय, तुझा उरलेला नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुझ्या दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा नंबर) टाक आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते वहीत उतरव. मुदत कोणी मागितली, कारण काय दिलं, सगळं. दहा-बारा तारखांची ही यादी घेऊन वकिलांसमोर बस. भांडू नकोस, फक्त वही उघडून ठेव. (त्यांच्या स्वतःच्या गैरहजेऱ्याही त्यात आल्या की आवाज आपोआप मऊ होतो.)

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 21ब मध्ये लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. 'प्रयत्न' हा शब्द किती ताणता येतो, ते तू चार वर्षांहून जास्त काळ बघतेच आहेस. म्हणून मुख्य दाव्याच्या निकालाकडे डोळे लावून बसू नकोस. जोर लाव पोटगीच्या अर्जावर.

तिथे तुझ्या हातात बरंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलंय की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. समोरच्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे. तो जाणूनबुजून चालढकल करत राहिला, तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा, म्हणजे त्याचं म्हणणं विचारातच न घेण्याचा, विचार न्यायालय करू शकतं. आणि पोटगी धरायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. म्हणजे त्याने घालवलेले महिने फुकट जात नाहीत, त्याच्याच नावावर चढतात. आधी बघ, तुझं स्वतःचं शपथपत्र दाखल झालंय का? बऱ्याचदा गाडी तिथेच रुतलेली असते.

पुकारा झाला आणि तुझे वकील नसले, तर मागच्या बाकावर गप्प बसू नकोस. कौटुंबिक न्यायालयात वकील हवाच असं नाही, पक्षकाराला स्वतः बोलता येतं. उभी राहा आणि एवढंच म्हण: "साहेब, माझा पोटगीचा अर्ज अमुक तारखेपासून प्रलंबित आहे, मुलगी लहान आहे, आजच ऐकावं." पाय लटपटतील. लटपटू देत. वकिलांवरचा विश्वासच उडाला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

आता म्युच्युअलचं. ते वाईट नाही. सहमती खरी असेल, तर सहा महिन्यांची थांबण्याची अटही न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, 2017 पासून तशी सोय आहे. पण बोलणी पोटगीचा आदेश हातात आल्यावर कर, रिकाम्या हाताने नको. तुझा स्वतःचा हक्क किती सोडायचा ते तू ठरव. मुलीचा खर्च मात्र तुझ्या सहीने सोडण्यासारखा नाही, तो तिचा हक्क आहे. आणि जे ठरेल ते न्यायालयासमोर लेखी. निरोप घेऊन येणाऱ्या मामा-काकांच्या शब्दावर काहीही सोडू नकोस.

रजेचं म्हणशील, तर प्रत्येक तारखेला तू हजर असायलाच हवं असं नसतं. आदल्या दिवशी वकिलांना विचार, "उद्या माझं काम आहे का?" नसेल तर कामावर जा. आणि आईला नेणं बंद कर. तिने दिवसभर त्या व्हरांड्यात बसून काय करायचं? ती घरी नातीला सांभाळू दे. संध्याकाळी तिने "काय झालं गं?" विचारलं, की वही काढ आणि आजची ओळ वाचून दाखव.

– मावशी