वाचकांचे प्रश्न : मोहिमेसाठी कोणता स्टोव्ह?

प्रश्न : बर्फातल्या पंधरा दिवसांच्या मोहिमेसाठी गॅसचा स्टोव्ह पुरेल, की पेट्रोल-रॉकेलवर चालणारा बहुइंधनी घ्यावा?

उत्तर : बहुइंधनीच घ्या. गॅसच्या डब्यातला ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. त्याखाली त्याची पुरेशी वाफच होत नाही, मग ज्योत कसली? प्रोपेन मिसळलेला गॅस थोडा तग धरतो, पण कडाक्याच्या थंडीत पंपाने दाब देता येणारी बाटलीच भरवशाची. शिवाय इंधन वाटेत मिळेल ते चालतं.

स्टोव्ह निवडताना मी आधी तो उघडून बघते. रॉकेलच्या नोझलचं भोक पेट्रोलच्यापेक्षा बारीक असतं, तेव्हा नोझल बदलावं लागतं का आणि हातमोजे घालून ते जमतं का, हे पाहा. एका मोहिमेत माझ्या पंपाचं रबरी वायसर फाटलं. जादा वायसर नव्हतं. दोन दिवस बर्फ वितळवता आला नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही! तेव्हापासून वायसर, नोझल आणि साफ करायची सुई यांची डबी माझ्या खिशातच असते.

इंधन मोजताना चूक होते ती इथे : बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं.

बाटली काठोकाठ भरू नका. पेटवताना सुरुवातीला भडका उडतोच, तेव्हा स्टोव्ह उघड्यावर ठेवा. आणि कितीही वारा असो, बंद तंबूत पेटवू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.