ॲप्टिट्यूड टेस्ट करू की आणखी काही मार्ग आहे?

एस.वाय.बी.कॉम.ला आहात, पुढे काय करायचं ते उमगत नाही, ॲप्टिट्यूड टेस्टला पैसे घालावेत का, असं विचारलंय तुम्ही. घालू नका. माझ्या काकांनी २००९ साली माझ्यासाठी तीन हजार घातले. निकाल आला : बँकिंग, अकाउंट्स. बी.कॉम.च्या मुलीला हे सांगायला तीन हजार कशाला लागतात?

त्याच महिन्यात शेजारच्या वकीलकाकू म्हणाल्या, कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, येऊन बस की. मला हे ठाऊकच नव्हतं. कॉलेज फोर्टात, डोंबिवली-सीएसटीचा पास खिशात. दर शुक्रवारी शेवटची लेक्चरं सोडून मी एका फौजदारी कोर्टात मागच्या बाकावर बसायला लागले. पहिले दोन शुक्रवार नुसत्या तारखा पडल्या. तिसऱ्या शुक्रवारी एक मावशी साक्षीला उभ्या राहिल्या. त्या मराठीत बोलायच्या, जज्जसाहेब ते इंग्रजी करून स्टेनोला सांगायचे. मावशी म्हणाल्या, ‘‘त्याचा धक्का लागला न् ती पडली.’’ टाइप झालं, ‘ही पुश्ड हर’. आरोपीचे वकील ताडकन उठले, ‘‘साहेब, धक्का लागला म्हणाल्या त्या, दिला नाही.’’ साहेबांनी मावशींना परत विचारलं आणि वाक्य बदलून घेतलं. घरी जाताना ठाण्यापर्यंत उभी होते, डोक्यात तेवढंच : लागला, दिला.

आज मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करते. घटनेच्या ३४८व्या कलमामुळे हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, आणि खालून येणारे जबाब, पंचनामे, सातबारे मराठीत. काम संपत नाही. त्या टेस्टमध्ये या कामाचा रकानाच नव्हता.

म्हणून सांगते, काम जिथे चालतं तिथे जाऊन बसा, एकदा नाही, पाच-सहा वेळा. त्यातला कंटाळवाणा भाग बघा. तो सोसवला तर पुढचा विचार करा. सीए मनात असेल तर सप्टेंबरअखेर, टॅक्स ऑडिटची घाई असते तेव्हा, आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या मुलांना भेटा. जूनमध्ये सगळंच छान दिसतं. पदवीनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिसशिप मिळते, तिथे विद्यावेतन द्यावंच लागतं. फुकट राबवून घेणाऱ्या इंटर्नशिपच्या नादी लागू नका.

हो, लेक्चरं मात्र बुडवू नका, माझी हजेरी कमी भरली होती आणि आईला कॉलेजात यावं लागलं. परीक्षा झाल्यावर जा. कोर्टात फोन बंद ठेवा. काही खटले बंद दालनात चालतात, तिथे सोडत नाहीत. आणि सगळेच समुपदेशक नुसती टेस्ट घेऊन मोकळे होत नाहीत, चांगला माणूस आधी तुमचं ऐकून घेतो.

काका अजून म्हणतात, टेस्ट बरोबरच होती, तूच कोर्टात टाइमपास केलास. काका, ते अकरा शुक्रवार होते. टेस्ट चाळीस मिनिटांची होती.