नेब्रास्कातल्या छोट्या गावात मुलाला फुटबॉल खेळायला मिळेल का? ताई, सविस्तर सांगते

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना अमेरिकेत, नेब्रास्का राज्याच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात वेव्हरवर (व्हिसावरची मायदेशी परतायची अट माफ होते ती सवलत) नोकरी मिळतेय, म्हणजे तीन वर्षं तिथंच काढायची, मुलगा आठवीत, कोल्हापुरात पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळत वाढलेला, आणि कुणीतरी सांगितलं की तिकडच्या लहान हायस्कूलांचे फुटबॉल संघ बंद पडतायत, मग तुम्ही मुलाला घेऊन ओमाहा या मोठ्या शहरात राहावं का. आम्ही तशाच एका गावात नऊ वर्षं आहोत, माझा मुलगा तिथल्याच हायस्कूलात चार वर्षं खेळला, म्हणून जे बघितलंय ते सांगते.

आधी एक गोष्ट, इथं फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्याला पॅड लावून खेळतात तो. आपला तो सॉकर, आणि एवढ्या लहान शाळेत सॉकरची टीम बहुतेक नसतेच, आमच्याकडे नाही. हे मुलाला आत्ताच सांगा, इथं येऊन कळलं तर फार हिरमुसेल.

आता टीम बंद पडतायत ते खरं आहे का, तर हो. देशभरात अकरा जणांचा फुटबॉल खेळणारी हायस्कूलची मुलं 2008-09 मध्ये 11 लाखांच्या वर होती, ती 2018-19 पर्यंत 10 लाख 6 हजारांवर आली, नंतर थोडी सावरली. डोक्याला मार लागण्याची भीती हे एक कारण सगळीकडेच आहे. पण आमच्यासारख्या गावात मूळ कारण वेगळं, पोरंच नाहीत. जिथं चार-पाच घरं शेती करायची तिथं आता एकच माणूस मोठाली मशिनं घेऊन तेवढी जमीन बघतो, बाकीची घरं कधीच गेली, आणि घरं गेली की शाळेतली पोरं पण गेली. आवड कमी झालेली नाही हो. शुक्रवारी संध्याकाळी गावातली दुकानं लवकर बंद होतात आणि सगळे ग्राउंडवर, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ असली की कोल्हापूरचं कसं होतं, तसंच, फक्त माणसं चारशे.

आमची शाळा अकराऐवजी सहा जणांचा फुटबॉल खेळते. माझा मुलगा दहावीत होता त्या वर्षी ऑगस्टमध्ये टीममध्ये अकरा पोरं होती. ऑक्टोबरपर्यंत कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट, एकाचं कुटुंबच गाव सोडून गेलं, आणि एका शुक्रवारी सकाळी कोचने फोन केला की धडधाकट पाचच उरलेत, मॅच सोडून देतोय. मुलगा त्या दिवशी जर्सी घालूनच शाळेत गेला, काढली नाही. पुढच्या वर्षी आम्ही शेजारच्या गावाबरोबर को-ऑप केलं, म्हणजे दोन शाळांची मिळून एक टीम, आणि जर्सीचा रंग कुणाचा यावर स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलंय. पण याला मी अपमान मानत नाही. सहा जणांचा फुटबॉल याच राज्यात सुरू झाला, 1934 मध्ये, मंदीच्या काळात, चेस्टर गावच्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने लहान शाळांसाठी नियम बसवले, आणि हेब्रनला झालेल्या पहिल्याच मॅचमध्ये दोन्ही टीम दोन-दोन शाळांच्या जोडून केलेल्या होत्या, 19-19 बरोबरी. म्हणजे जोडून खेळणं हे पहिल्या दिवसापासूनचं आहे.

तुमच्या मुलासाठी यात एक चांगली गोष्ट आहे. सहाच्या खेळात ग्राउंड लहान, 80 यार्ड बाय 40, सहाही जण पास पकडू शकतात, म्हणून पळणाऱ्या काटक पोराला वाव आहे. आणि टचडाउननंतरची (बॉल समोरच्या टोकाला नेल्यानंतरची) किक 2 पॉइंटची, फील्ड गोल (चालू खेळात किक मारून केलेला गोल) 4 चा, अकराच्या खेळात हेच 1 आणि 3. कारण अडवायला माणसं कमी, त्यामुळे किक मारणं अवघड. लहानपणापासून बॉल मारलेला पाय अशा टीमला सोन्यासारखा. मोठ्या शहरातल्या शाळेत तो कदाचित दोन वर्षं बेंचवर बसेल, इथं कोच घरी येऊन विचारेल. आमच्याकडे आला होता, बूट दारात काढून आत बसला.

पण याच कारणामुळे मला काळजीही वाटते. पोरं कमी म्हणजे तोच मुलगा अटॅकलाही आणि डिफेन्सलाही, पूर्ण वेळ, आणि नववीतला बारीक पोरगा बारावीतल्या शेतावर काम केलेल्या गड्यासमोर. माझ्या मुलाला अकरावीत कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का. डोकं धरून बसला होता आणि तरी म्हणत होता मी बसलो तर टीम मोडेल. कायद्याने त्याला लगेच बाहेर काढावंच लागतं, डॉक्टर वगैरे तज्ज्ञाची आणि आईबापांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय परत उतरवता येत नाही. मी सही तीन आठवडे दिली नाही, गावात एकदोघं बोलले, बोलू देत. तुम्हीही तेवढं घट्ट राहा.

म्हणून ओमाहात वेगळं घर करू नका, कित्येक तासांचं अंतर आहे, घर दोन ठिकाणी फाटेल. त्यापेक्षा शाळेच्या अ‍ॅक्टिव्हिटीज डायरेक्टरला मेल करा आणि नेमकं विचारा: आत्ता सातवी-आठवीत मुलगे किती आहेत (पुढची टीम तीच, वरच्या वर्गांचा आकडा बघून उपयोग नाही), को-ऑप आहे का, असेल तर प्रॅक्टिस कुठल्या गावात आणि बस कोण देतं, आणि प्रॅक्टिसला अ‍ॅथलेटिक ट्रेनर (दुखापतींची काळजी घेणारा तज्ज्ञ) हजर असतो का फक्त मॅचला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर फुटबॉल नको, क्रॉस कंट्री पळू दे, ते जवळपास सगळीकडे असतं.

एच-4 वर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकामुलांचा व्हिसा) सरकारी शाळा फुकट, खेळायलाही अडचण आली नाही, पण परदेशातून येणाऱ्या मुलासाठी पात्रतेचा कागद काय लागतो ते त्याच मेलमध्ये विचारा. प्रॅक्टिस ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालू होते आणि त्याआधी डॉक्टरच्या फिजिकलचा, म्हणजे शारीरिक तपासणीचा, फॉर्म भरलेला लागतो, त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत पोचा. आणि मेल मे महिना संपायच्या आत टाका, नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत उत्तर द्यायला कुणी नसतं.