डोमेनची लेव्हल २००३ वरून वर नेताना धोका नेमका कुठे आहे

तुमची अडचण मला समजली ती अशी: अंबडला दोन आणि सिन्नरला एक डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधली खाती आणि पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर), तिन्ही विंडोज सर्व्हर २०१२ आर२. डोमेन (एकत्र सांभाळलेले पीसी आणि खाती) आणि फॉरेस्ट (डोमेनचा समूह) यांची फंक्शनल लेव्हल मात्र अजून २००३. त्यामुळे नवीन सर्व्हर २०२२ डीसी व्हायला तयार नाही. आणि मेंटेनन्सवाला म्हणतो, लेव्हल वाढवली की शॉपफ्लोअरवरचे एक्सपी पीसी डोमेनमधून बाहेर पडतील.

तसं काही होत नाही. डोमेनमधल्या डीसींवर किमान कुठलं विंडोज हवं आणि डीसींच्या कुठल्या नव्या सोयी चालू होतील, हे ही लेव्हल ठरवते. मशीनला जोडलेला एक्सपी असो की जुना २००३ चा फाइल सर्व्हर, तो डीसी नसेल तर लेव्हलला त्याच्याशी देणंघेणं नाही. एक्सपीची खरी अडचण पुढे आहे. सर्व्हर २०२२ वर एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत) मुळात इन्स्टॉलच नसतं आणि एक्सपीला दुसरं काही बोलता येत नाही. जुने डीसी काढले की त्या पीसींना सिसव्हॉल (डीसींवरचं सामायिक फोल्डर) आणि त्यातली ग्रुप पॉलिसी (पीसींना लागू होणारे नियम) मिळणार नाही. दोष मात्र लेव्हलच्या माथी मारला जाईल. ते पीसी डोमेनमधून काढून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) ठेवता येतील का, हे प्रॉडक्शनवाल्यांशी आत्ताच बोलून घ्या.

माझ्या मते तुमचा खरा धोका सिसव्हॉलमध्ये आहे. इतक्या जुन्या लेव्हलवर तो एफआरएसनेच (सगळ्या डीसींवर सिसव्हॉलची सारखी प्रत ठेवणारी जुनी सेवा) फिरत असणार आणि २०२२ ला तो डीएफएसआरवरच (त्याच कामाची नवी सेवा) हवा. डीएफएसआरवर नेण्यासाठी डोमेन लेव्हल किमान २००८ लागते, म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी लेव्हल, मग सिसव्हॉल, मग नवीन डीसी. पण त्याआधी तिन्ही डीसींवर सिसव्हॉलमधलं पॉलिसीज फोल्डर उघडून शेजारी शेजारी ताडून बघा. एफआरएसच्या लॉगमध्ये १३५६८ हा इव्हेंट दिसला तर जर्नल रॅप झालंय, म्हणजे तो डीसी कधीपासून जुन्याच पॉलिसी वाटत बसलाय. सिन्नरची लाइन वरचेवर तुटत असेल तर हे तिथेच सापडेल. ते निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. डीएफएसआरच्या स्थलांतरात ‘प्रिपेअर्ड’ आणि ‘रीडायरेक्टेड’ या टप्प्यांवरून मागे येता येतं, ‘एलिमिनेटेड’ झालं की नाही. ‘रीडायरेक्टेड’वर दोनचार दिवस राहू द्या, कोणी हाकलत नाहीये.

दुसरी गोष्ट, भुतं. कधीतरी जळालेला, नीट डिमोट न केलेला (डीसीपदावरून न उतरवलेला) २००३ चा डीसी डिरेक्टरीत अजून नोंदलेला असतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी असा पाहिलाय. सर्व्हर भंगारात गेला होता, पण त्याच्या नोंदीमुळे लेव्हल वाढेना. अशा वेळी मेटाडेटा क्लीनअप करावं लागतं, म्हणजे ती नोंद डिरेक्टरीतून पुसावी लागते. रेपॲडमिन या साधनाचा रिप्लिकेशन (बदल एका डीसीवरून दुसऱ्यावर पोचणं) सारांश आणि डीसीडायग ही डीसींची तपासणी स्वच्छ आल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

२००३ वरून उडी मारताना आणखी एक खोच आहे. लेव्हल २००८ किंवा वर गेली की केआरबीटीजीटी या (लॉगिनची तिकिटं ज्याच्या किल्लीने बंद होतात त्या) अंतर्गत खात्याचा पासवर्ड बदलतो, कारण एईएसच्या (नव्या, मजबूत एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या तयार व्हायच्या असतात. हा बदल सगळ्या डीसींपर्यंत पोचेपर्यंत लॉगिनच्या किरकोळ तक्रारी येऊ शकतात. रिप्लिकेशन पूर्ण झालं की प्रत्येक डीसीवर केडीसी ही लॉगिनची तिकिटं देणारी सर्व्हिस रीस्टार्ट करा. म्हणून हे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शिफ्ट बदलताना नाही. ज्या सर्व्हिस अकाउंटचे (माणसांऐवजी सॉफ्टवेअर वापरतं त्या खात्यांचे) पासवर्ड वर्षानुवर्षं बदललेले नाहीत, त्यांना एईएसच्या किल्ल्या पासवर्ड बदलल्यावरच मिळतात. उद्या कोणी आरसी४ (जुनं, कमकुवत एन्क्रिप्शन) बंद केलं तर अशा खात्यावर चालणारं ईआरपी (कारखान्याच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर) तिथेच अडेल.

मागे फिरण्याचं म्हणाल तर २००३ वर परत येता येत नाही. व्हीएमचा (आभासी मशीनचा) स्नॅपशॉट घेतलाय म्हणून निर्धास्त राहू नका. एक डीसी जुन्या स्नॅपशॉटवर नेला तरी बाकीचे दोघे नवीन लेव्हल त्याच्यावर परत आणून ठेवतात. खरा परतीचा रस्ता म्हणजे पूर्ण फॉरेस्ट रिकव्हरी. त्यासाठी किमान दोन डीसींचा सिस्टिम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट विंडोजच्या गाभ्याचा) आणि डीएसआरएमचा (डीसीच्या दुरुस्ती मोडचा) पासवर्ड हवा. तो पासवर्ड सहसा कोणालाच आठवत नाही, म्हणून आजच एनटीडीएसयुटिल या विंडोजमधल्याच साधनाने नवीन सेट करून ठेवा.

तिन्ही डीसी २०१२ आर२ असल्यामुळे थेट २०१२ आर२ लेव्हलला जाता येईल, मधे थांबायची गरज नाही. पण एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) स्वतःचा चालवत असाल तर आधी त्याची आवृत्ती कळवा. जुन्या एक्स्चेंजला प्रत्येक लेव्हल चालत नाही, मग उत्तर बदलेल.