ताप नसला तरी वेदना असू शकते

प्रश्न : आमची देवणी गाय दोन दिवसांपासून वैरण अर्धवट टाकते. ताप नाही, लंगडतही नाही. तिला वेदना होत आहेत का, हे कसे ओळखावे?
– एक पशुपालक, उदगीर तालुका

उत्तर : ताप नाही म्हणून वेदनाही नाही, असे कृपया धरून चालू नये. गाय दुखणे सहसा लपवते आणि माणूस जवळ आला की सावध होते. म्हणून आधी दुरूनच, तिच्या लक्षात न येता, काही मिनिटे निरीक्षण करावे. कान मागे वळलेले किंवा लोंबलेले, मान खाली, नाकपुड्यांवर ताण आणि पाठीला कमान, अशी लक्षणे एकत्र दिसली तर वेदनेची शक्यता मोठी असते. निरोगी गाय दिवसाकाठी साधारण ७ ते ८ तास रवंथ करते. ते कमी होऊन दात खाण्याचा आवाज येऊ लागला, तर ते विशेष गंभीर समजावे.

गाय कोपर बाहेर काढून उभी राहत असेल, उतारावरून चालायला कचरत असेल आणि वशिंडामागची कातडी चिमटीत धरल्यावर पाठ खाली न वाकवता कण्हत असेल, तर कडब्याबरोबर तार किंवा खिळा पोटात गेल्याची शंका घ्यावी व त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. घरातले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मात्र टोचू नये; ते दिलेल्या जनावराचा मृतदेह खाल्ल्याने गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. मेलॉक्सिकॅमसारखे औषध पशुवैद्यकच मात्रा ठरवून देतील.